सतरा जावक, आवक शून्य

आमच्या घराला ईमेलचा पत्ता एकच आहे. ज्यांच्याकडे माणसागणिक तीन-तीन पत्ते असतात त्यांना हे चमत्कारिक वाटेल. पण आम्हां नवरा-बायकोचं कपाट एक, छत्री एक, वाचायचा चष्मासुद्धा बरीच वर्षं एकच होता, मग पत्ता तेवढा वेगळा कशाला? कॉम्प्युटर घेतला तेव्हा हिनेच दोघांच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरं जोडून तो पत्ता तयार केला. तिचं अर्धं पुढे, माझं मागे. "ऐकायला बरं वाटतं," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. वेळेवर काही न बोलणं हा माझा जुना आजार आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मी चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होतो. म्हणजे नक्की काय करत होतो, हे मी नातेवाइकांना अजून समजावतो आहे. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवायचा आणि जाणारा प्रत्येक कागद जावक नोंदवहीत. दोन्हीकडे क्रमांक. साहेब येतात, साहेब जातात, क्रमांक चुकता कामा नये. या धंद्यात ब्रह्मवाक्य एकच: कागद पाठवला म्हणजे पोचला नव्हे, पोचपावती परत आली म्हणजे पोचला. या एका वाक्यावर मी सगळी नोकरी काढली, आणि याच वाक्याने निवृत्तीनंतर माझा घात केला.

ही परिचारिका. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे मी घरी बसलो तरी तिची नोकरी चालूच. तिच्या खात्याने तिला डोंगरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं, नव्या मुलींना बाळंतपणं शिकवायला. मुदत एक वर्ष. राहायला मुलींच्या वसतिगृहात एक खोली. फाटकावर पाटी, 'पुरुषांना प्रवेश नाही'. मी सोडायला गेलो तेव्हा माझ्या हातातली ट्रंक रखवालदाराने घेतली, तो आत गेला आणि मला बाहेर उभं केलं. मग तो स्वतः पुरुष नाही का, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण मिशीवाल्या माणसाशी वाद घालू नये असं आमच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. ही आतून वळून बघत होती. मी हात केला आणि गाडी चुकेल या काळजीने लगबगीने निघालो. गाडीला दीड तास होता.

केंद्रात फोन एकच, तोही वॉर्डनबाईंच्या टेबलावर. समोर वॉर्डनबाई, मागे रांगेत दहा मुली. अशा फोनवर माणूस काय बोलणार?

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले. दूध नासलं नाही ना?"

"नाही."

"बरं. ठेवते."

एकतीस वर्षांचा संसार, आणि बोलायला विषय काय, तर दूध. म्हणून आम्ही ईमेल धरला. केंद्रातला कॉम्प्युटर तिला सकाळी नऊ ते साडेनऊ मिळायचा. मी संध्याकाळी सहाला बसायचो. आमच्याकडे फोनची आणि इंटरनेटची तार एकच, इंटरनेट लावलं की फोन बंद. म्हणून मी पत्र आधी लिहून ठेवायचो, मोडेम लावायचो, त्याचं ते केकाटणं ऐकून घ्यायचो, 'पाठवा आणि घ्या' हे बटण दाबायचो आणि काम झालं की लगेच तार तोडायचो. पत्ता एकच असल्याने ती पत्र पाठवायची आपल्याच पत्त्यावर आणि मीही आपल्याच पत्त्यावर, आणि ते दोघांना मिळायचं. कसं, या फंदात मी पडलो नाही. टपाल कसं चालतं हे पोस्टमनला विचारू नये, तो गोंधळतो.

एक गोष्ट मात्र माझ्या अनुभवी नजरेतून सुटली नाही. रोज संध्याकाळी बटण दाबलं की तिचं पत्र यायचंच, पण त्याच्याबरोबर माझं आदल्या दिवशीचं पत्रही परत यायचं, जसंच्या तसं. दुसरा कोणी घाबरला असता. मी मनातल्या मनात त्या यंत्राला सलाम केला. ही पोचपावती! न मागता, दुसऱ्या दिवशी हजर! मी ती छापून जावक प्रतीला टाचायला लागलो. सात महिन्यांत जावक दोनशे नऊ, पोचपावत्या दोनशे नऊ. कचेरीत असा हिशेब एकदाही जुळला नव्हता.

पत्रांतल्या मजकुराबद्दल मात्र फार बढाई मारण्यासारखं नाही. तिची पत्रं पानभर. 'एका मुलीने पहिलं बाळंतपण केलं आणि मग स्वतःच बेशुद्ध पडली. बाळाला ठेवू की हिला उचलू, अशी माझी तारांबळ. धुक्यात वसतिगृहाची पायरी दिसत नाही, काठी टेकत चालते.' माझी पत्रं अशी: 'येथील सर्व ठीक. मोरीतला नळ गळत आहे. पाठपुरावा चालू.' आता खरं सांगायचं तर नळाचं मला काही नव्हतं. चहा करताना मी रोज दोन कप पाणी ठेवायचो, मग एक कप ओतून द्यायचो. हे लिहायचं होतं. पण ते कुठल्या विषयाखाली लिहायचं हे कळेना, म्हणून नळाबद्दल लिहायचो.

आठव्या महिन्यात तिचं एक पत्र आलं. आवक क्रमांक दोनशे सात. 'केंद्राच्या प्रमुखबाई निवृत्त होताहेत. मी दोन वर्षं ती जागा घेते का, असं विचारताहेत. महिनाअखेरीला सकाळी अकराला सही करायची. मी काहीच बोलले नाही. तुम्ही काय म्हणता? तुम्ही म्हणाल तसं करीन. अगदी खरं सांगा.'

मी कळफलकासमोर बसलो आणि आधी एकच अक्षर टाइप केलं. 'ये.'

ते अक्षर कोऱ्या पडद्यावर असं उघडंवाघडं बसलं होतं की मला बघवेना. वाटलं, तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी प्रमुख करतंय, आणि आपण कोण तिच्या पायात पाय घालणारे? शिवाय साठी उलटलेल्या माणसाने 'ये' काय म्हणायचं, तेही लेखी? मी ते खोडलं. मग हात आपोआप चालू लागले, चौतीस वर्षं चालले तसे. 'आपल्या पत्रातील प्रस्तावाबाबत माझी काहीही हरकत नाही. योग्य तो निर्णय आपल्या स्तरावर घ्यावा.' बायकोला 'आपल्या स्तरावर' लिहिणारा माणूस पृथ्वीतलावर मी एकटाच असेन. पाठवलं, तार तोडली आणि शहाण्यासारखं वागलो या आनंदात भाजी करपवली.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. एवढंच: 'बरं.'

बाळंतपणावर पान-पानभर लिहिणारी बाई 'बरं' लिहिते तेव्हा काहीतरी बरं नसतं, एवढं मलाही कळलं. मी अस्वस्थ होऊन जिन्यात फेऱ्या मारू लागलो, आणि जिन्यात फेऱ्या मारणाऱ्या माणसाला खालच्या मजल्यावरचे हेडसर भेटतातच.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळं येतं, आणि जे येत नाही ते ते शिकवतात. मी त्यांना अर्थातच खरं सांगितलं नाही. "एका महत्त्वाच्या पत्राची वाट बघतोय," एवढंच म्हणालो.

"आणि इंटरनेट किती वेळ लावता?"

"संध्याकाळी पाच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहत असतील. "अहो, दाराला दिवसभर कुलूप लावायचं आणि म्हणायचं पाहुणे का येत नाहीत? उघडं ठेवा की दार!"

उपमा चांगली असली की माणूस अक्कल गहाण टाकतो. हेडसरांनी स्वतः वर येऊन सगळी व्यवस्था लावून दिली. अमर्याद जोडणीचा अर्ज भरून घेतला, मोडेम चोवीस तास चालू, आणि दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटरने आपण होऊन टपाल बघायचं. जाताना माझ्या चष्म्याची काडीही घट्ट करून गेले. ती पुढे दोन दिवसांनी तुटली, पण तो विषय वेगळा.

त्या दुपारी मी धीर केला आणि खरं पत्र लिहिलं. लहानच. 'माझे पूर्वीचे पत्र घाईत लिहिले गेले. थोडी हरकत आहे.' पाठवलं, आणि पाच मिनिटांत पोचपावती! पाच मिनिटांत! खात्याची ही प्रगती बघून माझा ऊर भरून आला. पत्र तिच्या हातात पडलं या खात्रीने मी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक लिहिलं, जरा मोकळं. पाच मिनिटांत पोचपावती. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दोन कप पाण्याचं लिहिलं. पोचपावती. उत्तर नाही. आता आमच्या विभागात अशा वेळी काय करतात हे सर्वांना माहीत आहे. स्मरणपत्र क्रमांक एक. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. मग 'अत्यंत तातडीचे'. लिहिता लिहिता माझा हातही सुटत गेला. ज्या गोष्टी मी तिला एकतीस वर्षांत बोललो नव्हतो त्या स्मरणपत्रांत लिहून गेलो, आणि प्रत्येक पत्र मिळाल्याची पावती माझ्या हातात, आणि ती गप्प.

मग साहजिकच राग आला. फोन का नाही केला, असं आता सगळे विचारतात. कसा करणार? एवढं सगळं वाचून जी बाई एका ओळीचं उत्तर देत नाही, तिला मी वॉर्डनबाईंच्या समोर विचारू, की बाई गं, माझं मन तुला पोचलं का? मलाही काही मान आहे. आणि तिचाही फोन आला नाही. रोज कान फोनकडे लावून बसायचो. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायचा, फोन मुका. तार एकच आहे आणि ती मीच चोवीस तास अडवून बसलोय, हे चौतीस वर्षं टपाल सांभाळलेल्या या डोक्यात एकदाही आलं नाही.

सातव्या-आठव्या दिवशी राग ओसरला आणि बुद्धीने डोकं वर काढलं. ही गप्प बसणारी बाई नव्हे. म्हणजे ती लिहीत असणार, आणि ते आपल्याला मिळत नसणार. जावक ठीक आहे, त्याच्या पावत्या आहेत. बिघाड आवकेत आहे! एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी तक्रार केंद्राला फोन लावला, तोही हेडसरांच्या घरून, कारण आमचं दार उघडं ठेवायचं होतं.

"जोडणी कोणाच्या नावावर आहे?" पलीकडून एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं.

"माझ्या बायकोच्या."

"मग त्यांना फोनवर द्या."

"ती इथे नाही."

"तक्रार ग्राहकानेच करावी लागते, काका."

"अहो, ती इथे असती तर मी तक्रार कशाला केली असती!"

हे मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण हेडसरांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि न विचारता पाण्याचा ग्लास ठेवून गेल्या. मुलगीही वरमली. म्हणाली, "असं करा, त्यांच्याकडून तुमच्या नावे अधिकारपत्र मागवा. ईमेलवर चालेल."

"ईमेलच तर येत नाही."

"हो, पण त्याशिवाय ईमेलची तक्रार घेता येत नाही."

हे ऐकून खरं म्हणजे मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. अशी उत्तरं मीही टेबलामागून दिली आहेत, आणि अशीच सौजन्याने. शेवटी तिने एक वाट काढली. "बाईंनी एक गुप्त प्रश्न ठेवलाय. त्याचं उत्तर दिलंत तर तक्रार नोंदवते. प्रश्न आहे, तुमचा आवडता रंग कोणता?"

"निळा," मी ताबडतोब म्हणालो. एकतीस वर्षं मी तिला निळ्या साड्या आणत होतो.

"नाही, काका."

"म्हणजे... जांभळा?"

"नाही. एक संधी राहिली."

हेडसर बाजूने खुणा करत होते, "गुलाबी म्हणा, बायकांचा गुलाबी असतो!" मी गुलाबी म्हणालो. आमच्या खात्यावर तक्रार नोंदवणं चोवीस तासांसाठी बंद झालं. मी फोन ठेवला. हेडसर म्हणाले, "त्यात काय एवढं, मलाही आमच्या हिचा ठाऊक नाही." पण त्यांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या, तेव्हा त्यांची दुपार माझ्याहून वाईट गेली असावी. मी घरी येऊन कपाट उघडलं. अकरा निळ्या साड्या घडी घालून ठेवलेल्या. कुठलीच फारशी नेसलेली नव्हती. त्या दिवशीचं जावक पत्र रंगाबद्दल होतं.

चोवीस तासांनी पुन्हा फोन केला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी काहीही न विचारता तक्रार घेतली आणि लाइनमन पाठवला. कारभार असाच चालतो. लाइनमन खांबावर चढला, उतरला, फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "लाइन एकदम स्वच्छ आहे. तरी तार बदलून टाकतो, तुमचं समाधान होईल." नवी तार त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली. त्यामुळे ती खिडकी लागेना. त्यामुळे मांजर आत येऊ लागलं. त्यामुळे दूध ताटाखाली झाकून वर वरवंटा ठेवावा लागला, तो माझ्या पायावर पडला. पत्राची वाट बघता बघता मी लंगडायला लागलो.

हेडसर गप्प बसणारे नव्हतेच. कॉम्प्युटर चोवीस तास चालून तापलाय, असं निदान करून त्यांनी माझा टेबलफॅन त्याच्यासमोर लावला. एका झुळुकेत माझ्या दोनशेच्या वर पोचपावत्या घरभर उडाल्या. आम्ही दोघे निवृत्त गृहस्थ गुडघ्यांवर बसून त्या गोळा करत होतो. पलंगाखालची एक त्यांनी उचलली, आणि सवयीने वाचली. मी बघत होतो. त्यांनी ती उलटी करून माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी दोन दिवस मला एकही सल्ला दिला नाही, यावरून त्यांनी काय वाचलं असेल याचा अंदाज येतो.

महिनाअखेरच्या सकाळी त्यांनीच एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना आणलं. पन्नाशीच्या, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, कपाळावर चष्मा. मी त्यांना रोग सांगितला. जावक सतरा, आवक शून्य. त्या खुर्चीत बसल्या तेवढ्यात, नऊ वीसला, यंत्राने टुणकन आवाज केला.

पत्र! तिचं पत्र!

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. 'बारा दिवस तुमची एक ओळ नाही. फोन रोज लावते, सारखा एंगेज. तब्येत बरी आहे ना एवढं तरी कळवा. हरकत नाही म्हणालात, ठीक आहे. पण इतकं गप्प बसाल असं वाटलं नव्हतं. आज अकराला सही करते.'

"एक ओळ नाही?" मी ओरडलो. "सतरा पत्रं! सतरा पोचपावत्या आहेत माझ्याकडे!" आणि फाईल त्यांच्यापुढे आपटली.

बाईंनी एक पोचपावती बघितली, दुसरी बघितली. मग पडद्यावर कुठेतरी आत आत शिरून एक चौकोन शोधून काढला. "ह्या पावत्या नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "ही तुमचीच पत्रं आहेत. पत्ता एकच, म्हणजे पेटीही एकच. तुम्ही बाईंसाठी पेटीत पत्र टाकता. पाच मिनिटांनी तुमचंच मशीन जातं, ते पेटीतून काढून घरी आणतं आणि तिथलं पुसून टाकतं. इथे खूण करायची असते, प्रत तिथे राहू द्या म्हणून. ती कोणी केलेलीच नाही. बाई सकाळी बघतात तेव्हा पेटी रिकामी."

"पण सात महिने मिळत होती!"

"तेव्हा तुम्ही पाठवलं की तार तोडत होता. पत्र दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पेटीत राहायचं, त्यांना सकाळी वाचायला मिळायचं. मग तुम्ही दिवसभर चालू ठेवायला लागलात..."

"वाट बघायला."

"हो. त्यानेच."

म्हणजे तिला पोचलेलं माझं शेवटचं पत्र कोणतं, तर 'काहीही हरकत नाही'. त्यानंतरचा जीव ओतून लिहिलेला शब्द न् शब्द मीच दर पाच मिनिटांनी परत काढून आणत होतो, वर त्याला पावती म्हणून टाचत होतो. चौतीस वर्षांत एक कागद गहाळ केला नव्हता. केले ते घरचे, आणि एकदम सतरा.

हेडसरांनी मोडेमची तार ओढून काढली, बटण दाबायचीही वाट बघितली नाही. मी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. पहिल्यांदाच कळलं की बारा दिवस तिने काय ऐकलं असेल. दहा वाजले, साडेदहा झाले. बोटं भलत्याच आकड्यांवर पडायला लागली, तेव्हा दुरुस्तीवाल्या बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या लावत राहिल्या. अकराला पाच कमी असताना तो लागला.

"त्या साहेबांच्या खोलीत आहेत," वॉर्डनबाई म्हणाल्या. "निरोप असेल तर सांगा."

"निरोप नाही. बोलवा. आत्ता बोलवा. मी तिचा नवरा बोलतोय."

चपलांचा आवाज लांब लांब गेला. फार वेळ काही नाही. मग जवळ येणारी पावलं, ओळखीची.

"अहो, बरे आहात ना?"

"मी बरा आहे. सही करू नकोस."

ती म्हणाली, "झाली सही. आत्ताच. साहेबांना दौऱ्यावर जायचं होतं म्हणून लवकर घेतली."

मी खुर्चीत बसलो. मग सगळं सांगितलं, पेटी, पाच मिनिटं, पावत्या. नीट सांगता आलं नसणार, कारण मध्येच ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही लिहीत होतात?"

"सतरा पत्रं."

"काय लिहिलं होतंत?"

"ते फोनवर कसं सांगू?"

"वाचा."

"तिथे वॉर्डनबाई असतील."

"असू देत. वाचा."

मी फाईल उघडली. माझ्या खोलीत हेडसर होते, परकी बाई होती, तिच्या खोलीत वॉर्डनबाई आणि बहुधा दहा मुली. "जावक क्रमांक दोनशे अकरा," मी सुरुवात केली.

"क्रमांक नका वाचू."

मग नुसतं वाचलं. दोन कप पाण्याचं वाचलं. तिची उशी मी माझ्या उशीखाली घेतो, मान दुखते तरी, ते वाचलं. हेडसर खिडकीशी जाऊन लाइनमनच्या तारेचं फार बारकाईने निरीक्षण करू लागले. दुरुस्तीवाल्या बाई एकच स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुन्हा पिशवीत ठेवत होत्या. फाटकापासून मी लगबगीने निघालो ते गाडीसाठी नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून, ते वाचलं. 'तुझा आवडता रंग मला माहीत नाही, याची लाज वाटते. तो कळवावा,' इथे आलो तेव्हा ती म्हणाली, "हिरवा. गडद." मी समासात लिहून घेतलं.

शेवटचं पत्र सगळ्यात लहान होतं. 'ये. दोन वर्षं फार होतात. मला करमत नाही.'

पलीकडून वॉर्डनबाईंचा आवाज आला, "बाई, फोन जरा मोकळा..." आणि ही म्हणाली, "थांबा हो तुम्ही!" तिने नाक पुसल्याचं मला ऐकू आलं.

"आता मला येता यायचं नाही," ती म्हणाली. "सही झाली."

"हो."

"दोन वर्षं."

"हो. कळलं."

"प्रमुखबाईला वसतिगृहात ठेवत नाहीत. फाटकाबाहेर घर देतात, दोन खोल्यांचं. सहीबरोबर किल्लीही दिली, माझ्या हातातच आहे. मघापासून विचार करतेय, दोन खोल्यांत मी एकटी करू काय? तुम्ही या ना."

हजारो कागद या हाताने बाहेरगावी पाठवले. आपण स्वतः जावं, हे एकदाही सुचलं नव्हतं.

"मी येऊ?"

"या म्हणतेय ना. उद्या सकाळची गाडी आहे."

"पण इथलं दूध, पेपर, ते मांजर..."

"मी बघतो!" हेडसर खिडकीतून न वळता ओरडले. "तुम्ही जा!"

"ऐकलं मी," ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली. "आणि हे बघा, ती पत्रं घेऊन या. सगळी. ऐकलेलं वेगळं, मला हातात घेऊन वाचायची आहेत."

फोन ठेवला, पलंगाखालून बॅग ओढली आणि आधी ती सतरा पत्रं तळाशी नीट ठेवली. कपडे त्यानंतर भरले.